चौकोनाच्या वर राहिलेली ओळ

माझं आणि माझ्या मुलीचं आठवड्यातून एकदा तरी फोनवरून वाजतं. फोन किती वापरायचा यावरून नाही, तसली भांडणं सगळ्याच घरांत होतात. आमचं वाजतं ते फोननं उत्तर कसं द्यावं यावरून. तिचं म्हणणं, काहीही विचारलं की सगळ्यात वर चौकोनात आयतं उत्तर येतं, ते वाचायचं आणि मोकळं व्हायचं. मला तो चौकोन डोळ्यांसमोर नको असतो. मला जुन्यासारखी यादी लागते. निळ्या अक्षरांतली नावं एकाखाली एक, आणि त्यातलं कुठलं उघडायचं ते मी ठरवणार. मुलीला याचं हसू येतं. "मम्मी, तुला काय सगळं इंटरनेट वाचायचंय का?" म्हणते.

हो, वाचायचंय. पिंपरीच्या मंडईत भाजीवाल्यानं आधीच भरून ठेवलेली पिशवी मी आजवर कधी उचललेली नाही. ढिगातून निवडते. भेंडीचं टोक मोडून बघते, वांगं फिरवून बघते. तो कुरकुरतो, "मावशी, सगळा माल सारखाच आहे." कुरकुरू दे. शिजवून खायचं मला आहे. मग माहिती काय भाजीपेक्षा स्वस्त आहे का, की दुसऱ्यानं भरून दिलेली घ्यावी आणि आत काय आहे ते घरी गेल्यावर कळावं?

आता तर काही शोधायला गेलं की डोक्यात तिडीक जाते. वरच्या तीन-चार जाहिराती, त्या जाहिराती आहेत हे कळू नये इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं. मग वस्तूंची चित्रं. मग कुठल्यातरी बाईचा व्हिडिओ, ती "नमस्कार मैत्रिणींनो" म्हणण्यातच अर्धा मिनिट घालवणार. मग "लोक हेही विचारतात." कोण लोक? आमच्या दापोडीच्या गल्लीत तरी कोणी हे असलं विचारत नाही. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर तो चौकोन, गावच्या पाटलासारखा पाय पसरून बसलेला. त्याला कधी "बहुतेक" म्हणता येत नाही, कधी "मला नक्की माहीत नाही" म्हणता येत नाही.

माझी मुलगी बीसीए करते. तिला यातलं कळतं. मी दहावी झालेली, पुढं शिकवायला घरात कोणी तयार नव्हतं. पण माझी ही खोड अडाणीपणाची नाही. माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट त्या चौकोनानं खाल्लं. तोडलं मशीननं, ते मी नाकारत नाही. पण तुटलेलं बोट परत लागलं असतं, ते चौकोनानं लागू दिलं नाही. हे मी रागानं बोलते, आणि का बोलू नये?

मी चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते, अजूनही आहे. गाड्यांच्या सीटखाली लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट तिथं बनतात. सकाळी नाशिक फाट्यावरून कंपनीची बस घेते आणि भोसरी, मोशी करत आम्हाला नेऊन सोडते. माझं काम होतं ट्रिमिंगच्या प्रेसवर. ब्रॅकेट आत ठेवायचा, प्रेस खाली येते, कडेचा जास्तीचा पत्रा कापून टाकते, ब्रॅकेट बाहेर काढायचा. दिवसभर तेच.

ही प्रेस बनवणाऱ्यानं शहाणपणानं बनवलेली आहे. तिला दोन बटणं असतात, दोन बाजूंना, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे दोन्ही हात बटणांवर गुंतलेले, एकही हात पात्याखाली जाऊच शकत नाही. पण दोन्ही हात गुंतले की माल हळू निघतो, आणि माल हळू निघाला की टार्गेट होत नाही. म्हणून आमच्याकडं काय करायचे, एका बटणात लाकडाची चिप बसवायची आणि वरून चिकटपट्टी. बटण कायमचं दाबलेलं. मग एका हातानं दुसरं बटण दाबायचं, दुसऱ्या हातानं ब्रॅकेट सरकवायचा. ही पट्टी कोण लावायचं हे विचारू नका. सकाळी आलं की लावलेलीच असायची. इन्स्पेक्शनला कोणी येणार असलं की गायब व्हायची आणि ते गेले की परत यायची. काढा म्हणणारीला दुसऱ्या दिवशी गेटवर "आज काम नाही" सांगायचे. कॉन्ट्रॅक्टवालीनं तोंड उघडायचं नसतं, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही.

सकाळचा चहा झाला होता. डाव्या हातानं ब्रॅकेट नीट सरकेना, पत्रा अडकत होता, म्हणून मी हात बदलले. डावा बटणावर, उजवा आत. पुढचं सांगत नाही. दुखलं असं आधी वाटलंच नाही, ब्रॅकेट लाल कसा झाला म्हणून मी बघत राहिले. मग शेजारच्या मशीनवरची बाई किंचाळली आणि मग मला कळलं.

आमचा सुपरवायझर हिंगोलीकडचा. डिप्लोमा झालेला, तिशीतला, लग्न नुकतंच झालेलं. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. बाकीचे कॉन्ट्रॅक्टरला फोन लावत होते, कोणी गाडी कोणाची न्यायची यावर हुज्जत घालत होतं. हा एकटा माझ्यापाशी आला, मला खाली बसवलं, आणि खिशातून फोन काढला. "ताई, घाबरू नका. मी बघायलोय काय करायचं ते," म्हणाला. त्यानं घाईघाईनं टाईप केलं. बोट तुटल्यावर काय करावं.

आणि फोननं लगेच सांगितलं. चौकोनात, चार ओळींत.

मग त्यानं जे जे केलं ते मी शुद्धीत राहून बघितलं. माझ्या मनगटाला सुतळी आवळून बांधली, इतकी घट्ट की हात निळा पडला. पात्याखालून बोट काढलं आणि फर्स्ट एडच्या पेटीतलं जंतुनाशक ओतून चांगलं घासून धुतलं, आपण नळाखाली गाजर धुतो तसं. गेटबाहेरच्या रसवंतीवर एकाला पळवून बर्फ आणला. एका बाईनं आपला जेवणाचा डबा रिकामा करून दिला, पोळीभाजी पिशवीत ओतली बिचारीनं. त्या डब्यात त्यानं पाणी घातलं, बर्फ घातला आणि माझं बोट त्यात सोडलं. झाकण लावलं. गाडीत तो डबा मांडीवर धरून माझ्या शेजारी बसला. मोशीला नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलेलं. तो काच खाली करून लोकांना ओरडत होता, "सोडा की हो, पेशंट हाय." मध्येच झाकण उघडून बघायचा, बर्फ विरघळला तर नाही ना, आणि मला म्हणायचा, "ताई, एकदम थंड हाय बघा. जोडतेत आता."

मला त्याचा केवढा आधार वाटला होता. खरं सांगते, त्या गाडीत मला देव बिव कोणी आठवलं नाही. मी त्या डब्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, याला कळतंय, यानं शोधून काढलंय, आता काळजी नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर बाई आल्या. त्यांनी आधी माझा हात बघितला, सुतळी कापून टाकली आणि म्हणाल्या, "कट स्वच्छ आहे. चिरडलेलं नाही. वेळेतही आलात." माझ्या नवऱ्याला बोलवून घेतलं होतं, तो रिक्षा तशीच रस्त्यात लावून आला होता. त्याचा चेहरा जरा खुलला. मग त्यांनी डबा उघडला. बोट पांढरंफटक पडलं होतं, फुगलेलं, कडक. डॉक्टर बाईंनी ते चिमट्यानं उलटून बघितलं. मग विचारलं, "हे असं कोणी ठेवलं?"

सुपरवायझर पुढं झाला. शाबासकी मिळेल असंच त्याला वाटलं असणार.

"बर्फानं मेलंय हे," त्या म्हणाल्या. "थेट बर्फात ठेवायचं नसतं. पाण्यात बुडवायचं नसतं. औषध लावून घासायचं नसतं. नुसतं ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या पिशवीत घालून आणलं असतं, आणि ती पिशवी बर्फावर ठेवली असती, तर मी जोडलं असतं." त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी थकलेल्या माणसासारखं सांगितलं आणि जखम शिवायची तयारी करायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या खाटेशी बसली होती. तिला राहवेना. तिनं आपल्या फोनमध्ये तोच प्रश्न टाकला. तोच चौकोन आला. ती मला वाचून दाखवायला लागली. तुटलेला भाग थेट बर्फात ठेवणे. पाण्यात बुडवून ठेवणे. जंतुनाशकाने घासून धुणे. वरच्या बाजूला दोरीने घट्ट आवळणे. वाचता वाचता तिनं फोन खाली घेतला. "मम्मी, ह्यात तर हेच लिहिलंय, जे त्या दादानं केलं."

"आत जा," मी म्हणाले. "ते पान उघड."

तिनं उघडलं. एका दवाखान्याचं पान होतं, नीट लिहिलेलं, आणि सगळं बरोबर होतं. आधी काय करावं ते दिलेलं होतं, डॉक्टर बाईंनी सांगितलं तेच. ओलं कापड, कोरडी पिशवी, पिशवी बर्फावर. त्याच्या खाली ठळक अक्षरांत एक ओळ होती: या चुका टाळा. आणि त्या ओळीखाली ती चार कलमं. चौकोनानं काय केलं, तर ती चार कलमं उचलली, सुटसुटीत दिसतात म्हणून, आणि वरची ओळ तिथंच ठेवून आला.

लिहिणाऱ्यानं चूक केली नव्हती. वाचणाऱ्यानं चूक केली नव्हती. मधल्यानं घाई केली, आणि मधल्याचं काहीच गेलं नाही. मला तेव्हा कळलं की बटणातली चिप आणि हा चौकोन एकाच जातीचे. दोन्ही माणसाचा वेळ वाचवायला बसवलेले. आम्ही कोणी मागितले नव्हते.

सुपरवायझर संध्याकाळी आला, केळी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन. मुलगी त्याच्या अंगावरच गेली. फोन त्याच्या नाकासमोर धरला आणि ती वरची ओळ दाखवली. त्यानं ती वाचली. परत वाचली. मग खाली फरशीवर बसला, खुर्ची शेजारी असून. "ताई, मी चारी बी केलं," म्हणाला. "एक बी सोडलं नाही. एखादं जरी इसरलो असतो..." आणि रडायला लागला. बायकांच्या वॉर्डात एवढा मोठा माणूस हमसून रडतोय म्हणून बाकीच्या बायका उठून बसल्या. मला त्याची दया आली आणि मला दया यावी याचाही राग आला. बोट माझं गेलं होतं, आणि समजूत मीच घालत बसले. त्या महिन्यातच तो काम सोडून गावी गेला. आता शेतात असतो असं ऐकलं, फोन साधा वापरतो म्हणे.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. चौकोनाखाली "हे उपयोगी होतं का?" असं विचारलेलं असतं आणि अंगठ्याची दोन चित्रं असतात. मी "नाही" दाबायची. का नाही ते लिहायला जागा असते, तिथं डाव्या हातानं एक एक अक्षर दाबून लिहायची की बाबांनो, तुम्ही वरची ओळ टाकलीय, माणसांची बोटं जातायत. खाली यायचं, "तुमच्या प्रतिक्रियेबद्दल आभार." कितीदा केलं याचा हिशोब नाही. आभार दर वेळी मानले. चौकोन होता तिथंच राहिला. भिंतीला डोकं आपटलं तर निदान भिंतीचा आवाज तरी येतो.

शेवटी मुलीनंच मला दाखवलं की वरच्या पट्टीत कोपऱ्यात सरकत गेलं की "वेब" नावाचं एक बटण लपलेलं असतं. ते दाबलं की चौकोन जातो, चित्रं जातात, "लोक हेही विचारतात" जातं, आणि जुनी यादी येते. मी आता प्रत्येक वेळी तेच दाबते. मुलगी म्हणते, दर वेळी दाबावं लागतं, किती कटकट. असू दे कटकट. मला पानाचा माथा दिसायला हवा. काय लिहिलंय त्याच्या आधी, ते कशाखाली लिहिलंय हे मला बघायचं असतं.

जखम भरल्यावर मला परत कामावर घेतलं, पण पॅकिंगला. ब्रॅकेट मोजून खोक्यात भरायचे. माझ्या प्रेसवर वाशिमकडची एक पोरगी आली, वीस-बावीस वर्षांची, हसरी, पुनावळ्याला चार मैत्रिणींत खोली करून राहते. बटणात चिप परत आली होती. माझ्या अपघातानंतर काही दिवस काढली होती म्हणे.

मग कंपनीत सुरक्षा सप्ताह आला. दारात रांगोळी, सगळ्यांना हिरव्या फिती, पेढे. आणि फर्स्ट एडच्या पेटीवर नवा कोरा फ्लेक्स. एक हसरा कामगार, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरांत: बोट तुटल्यास काय कराल? खाली चार ओळी. त्याच चार. त्याच क्रमानं.

मला आधी वाटलं, मी चुकून काहीतरी वेगळं वाचतेय. मग सगळं अंग गरम झालं. मी खोकं तसंच टाकून सेफ्टीच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. नवीनच आलेले, तरुण, वागायला चांगले. मी सांगितलं, साहेब, फ्लेक्स चुकीचा आहे, हे करायचं नसतं. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग फोन काढला, टाईप केलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"बघा मावशी, मी सगळं चेक करूनच लावलंय. पहिलंच येतंय. चुकीचं असतं तर इतकं वर आलं असतं का?"

"साहेब, ते पान उघडा. आतलं वाचा."

"उघडायची गरजच नाही ना. सगळं इथंच दिलंय."

मी परत म्हणाले, वरची एक ओळ राहिलीय. ते म्हणाले, बघतो, मीटिंग झाली की बघतो. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, त्यांना खरंच मीटिंग होती. फ्लेक्स खाली आला नाही. मी स्वतः एकदा ओढायला गेले तर सिक्युरिटीवाला म्हणाला, मावशी, कंपनीची मालमत्ता आहे, माझी नोकरी घालवता का. आता त्याची नोकरी मी कशाला घालवू?

मग मी ठरवलं, फ्लेक्स गेला खड्ड्यात, पोरीला तरी सांगू. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये तिच्या समोर जाऊन बसले. नीट समजावून सांगितलं, पोरीला लहान मुलासारखं वाटू नये एवढी काळजी घेऊन. बाई गं, असं कधी न होवो, पण झालंच तर बोट ओल्या कापडात गुंडाळायचं, कोरड्या पिशवीत घालायचं, तोंड बांधायचं आणि पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फाला लागू द्यायचं नाही. तो फ्लेक्स खोटा आहे. कोणी काहीही सांगू दे, तू हेच सांग सगळ्यांना.

ती मन लावून ऐकत होती. मान हलवत होती. मग घास खाली ठेवला, डाव्या हातानं फोन काढला आणि काहीतरी टाईप केलं. वाचलं. जरा घुटमळली.

"मावशी, यात तर थेट बर्फातच ठेवा म्हणतंय."

मी माझा उजवा हात टेबलावर ठेवला, बोटं पसरून. हातापेक्षा मोठा पुरावा मी कुठून आणणार होते?

तिनं हाताकडं बघितलं. मग फोनकडं. मग अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाली, "पण मावशी, तुमचं तर बोट गेलंच ना. मग तुमचं सांगणं खरं कसं धरायचं?"